पडद्यावरचं यंत्र हातात: रेझिन प्रिंट आणि ओतकाम, पहिल्यापासून

सिनेमातल्या वस्तूंच्या प्रतिकृती बनवायच्या छंदात नवीन आलेला माणूस सगळ्यात आधी विचारतो, कुठला प्रिंटर घेऊ? प्रिंटर लागतोच. पण वस्तू शेवटी कशी दिसणार हे ठरतं मास्टरवर, म्हणजे ज्यावरून साचा काढायचा त्या पहिल्या नगावर. साचा सिलिकॉनच्या रबराचा असतो, आणि ते सगळं जसंच्या तसं उचलतं. मास्टरवर बोटाचा ठसा राहिला तर तो साच्यात जातो आणि त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक नगावर येतो. म्हणून या लेखात मास्टर घासण्यावर आणि साच्याची जोडरेषा ठरवण्यावर मी जास्त जागा खर्च केली आहे.

मग थेट प्रिंटच का वापरू नये? एकच नग हवा असेल आणि तो कपाटात राहणार असेल, तर खुशाल वापरा. पण साधं प्रिंट रेझिन, म्हणजे प्रिंटरमधला प्रकाशाने घट्ट होणारा द्रव, घट्ट झाल्यावर कडक आणि ठिसूळ असतं. वस्तू हातातून पडली की पातळ कडा तुटतात, आणि उन्हात राहिली तर ती पिवळी पडते, आणखी ठिसूळ होते. ओतकामाचं, म्हणजे साच्यात ओतायचं, पॉलियुरेथेन रेझिन मार सोसतं, त्यात रंग आतपर्यंत मिसळता येतो, आणि चार नग लागले तर चार वेळा घासत बसावं लागत नाही. मेहनत एकदाच, ती मास्टरवर.

उदाहरण म्हणून एक किरण-पिस्तूल डोळ्यांसमोर ठेवू. लांबी 24 सेंटीमीटर, मूठ वेगळी, नळी वेगळी, पुढे पारदर्शक भिंग, बाजूला दोन बटणं आणि आत एक दिवा.

मोजमाप काढणं

पडद्यावरच्या वस्तूचे आकडे कुणी हातात आणून देत नाही, ते काढावे लागतात. इथे एक गोष्ट आपल्या बाजूने असते: जुन्या सिनेमांतली बरीच यंत्रं खऱ्या वस्तूंवरून बनवलेली आहेत. 1977 च्या 'स्टार वॉर्स'मधल्या नायकाच्या प्रकाशतलवारीची मूठ म्हणजे ग्राफ्लेक्स कंपनीच्या कॅमेरा-फ्लॅशचा दांडा होता. त्याच सिनेमातल्या शिपायांच्या बंदुका ब्रिटिश बनावटीच्या स्टर्लिंग सबमशीनगनवर बेतलेल्या होत्या. असा मूळ भाग ओळखता आला की त्याची खरी मापं शोधता येतात, आणि त्या एका मापावरून बाकी सगळ्यांचं प्रमाण बसतं.

मूळ भाग ओळखू आला नाही, तर चित्रात माहितीच्या मापाचं दुसरं काही आहे का ते बघा. स्क्रूचं डोकं, बॅटरीचं झाकण, नाहीतर निदान पात्राच्या तळहाताची रुंदी. जवळून टिपलेल्या चित्रात वस्तूचा पुढचा भाग फुगलेला दिसतो, त्यामुळे मापं नेहमी लांबून आणि बाजूने घेतलेल्या चित्रांवरून काढा. मग कागदावर खऱ्या आकारात बाजूचं चित्र छापा, पुठ्ठ्यावर चिकटवा, कापा आणि हातात धरा. मूठ जाड वाटते की बारीक हे हाताला लगेच कळतं. ही पायरी फार जण गाळतात. गाळू नका, पुढचे अनेक तास यातून वाचतात.

संगणकावरचं त्रिमितीय मॉडेल फ्यूजन, फ्रीकॅड किंवा ब्लेंडर या प्रोग्रॅमपैकी ज्यात हात बसला असेल त्यात बनवा. दुसऱ्याने बनवलेली फाइल घेणार असाल, तर तिच्या परवान्यात काय लिहिलंय ते वाचा. स्वतःसाठी छापायला परवानगी असते पण ओतकाम करून विकायला नसते, असं पुष्कळदा असतं. दुसऱ्या कारागिराचा विकत घेतलेला नग साच्यात घालून त्याच्या प्रती काढणं तर अजिबात करू नये. त्यामागे कुणाची तरी महिनोन्महिन्यांची मेहनत असते.

मॉडेल करतानाच रंग आणि साचा यांचा विचार करा. पट्ट्यांमधल्या खाचा निदान अर्धा मिलिमीटर खोल ठेवा, कारण प्रायमर (रंगाआधीचा थर) आणि रंगाचे थर त्या भरत जातात. धारदार कडांना बारीकशी उतरती कोर द्या. अगदी टोकदार कड ओतताना बुडबुडा पकडते आणि नंतर टवकाही लवकर उडतो. एकमेकांत बसणाऱ्या भागांत साधारण 0.2 मिलिमीटर फट सोडा, रंगाचा जाड थर येणार असेल तर थोडी जास्त. आणि वस्तू भागांत तोडा. नळी वेगळी, मूठ वेगळी, बटणं वेगळी. वेगळ्या रंगाचा भाग वेगळा ओतला की रंगवताना पट्ट्या चिकटवत बसावं लागत नाही, आणि प्रत्येक साचा लहान, सोपा राहतो.

प्रिंटर सुरू करण्याआधी

न वाळलेलं प्रिंट रेझिन त्वचेला घातक आहे. एखाद-दुसऱ्या वेळी काही होत नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण वारंवार संपर्क आला तर शरीर त्याला ॲलर्जी धरतं, आणि एकदा ती ॲलर्जी जडली की सहसा जात नाही. नायट्राइलचे हातमोजे घाला, फाटले किंवा चिकट झाले की बदला. त्याच मोज्यांनी मोबाइल, दाराची कडी, चष्मा यांना हात लावू नका. डोळ्यांवर संरक्षक चष्मा ठेवा. हवा बाहेर जाईल अशी खिडकी किंवा पंखा असलेली खोली निवडा, आणि ती झोपायची किंवा स्वयंपाकाची नसावी. वासासाठी सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या डब्या असलेला मास्क लागतो. कापडी किंवा नुसत्या धुळीच्या मास्कने वाफा अडत नाहीत.

धुण्यासाठीचं आयसोप्रोपिल अल्कोहोल चटकन पेट घेतं. जवळ ज्योत नको, ठिणगी उडवणारं उपकरण नको. वापरलेलं अल्कोहोल किंवा रेझिन मोरीत ओतायचं नाही. पाण्याने धुता येणारं रेझिन वापरत असाल तर ते गढूळ पाणीही मोरीत जाऊ द्यायचं नाही. पारदर्शक भांड्यात झाकून उन्हात ठेवा. त्यातलं रेझिन घट्ट होऊन खाली बसलं की वरचं अल्कोहोल गाळून पुन्हा वापरता येतं, आणि कडक झालेला साका तुमच्याकडच्या नियमांप्रमाणे टाकता येतो. रेझिन लागलेले कागदी रुमालही आधी उन्हात कडक करा, मगच कचऱ्यात.

प्रिंट

घरगुती रेझिन प्रिंटरमध्ये एलसीडी पडद्याखालून 405 नॅनोमीटरचा प्रकाश येतो. पडदा जिथे उघडा असेल तिथलं रेझिन कडक होतं, भाग ज्याला चिकटलेला असतो ती प्लेट वर उचलली जाते, पुढचा थर. एका थराची जाडी साधारण 0.05 मिलिमीटर ठेवली तर आपल्या कामाला पुरते. काळ्या-पांढऱ्या एलसीडीच्या प्रिंटरवर प्रत्येक थराला दोन-तीन सेकंद आणि तळाच्या काही थरांना वीस ते चाळीस सेकंद प्रकाश ही सुरुवातीची आकडेवारी समजा. नेमका आकडा रेझिनवर, प्रिंटरवर आणि खोलीच्या तापमानावर ठरतो. तो काढायला बारीक भोकं आणि खुंट्या असलेला छोटा चाचणी तुकडा आधी छापा. भोकं बुजली तर प्रकाश जास्त, खुंट्या गळाल्या तर कमी. खोली थंड असेल तर रेझिन दाट होतं आणि प्रिंट फसतात. वीस अंशांच्या खाली जाऊ देऊ नका.

भाग प्लेटवर सपाट झोपवू नका. मोठा सपाट थर फिल्मला, म्हणजे रेझिनच्या टाकीच्या पारदर्शक तळाला, घट्ट चिकटतो, आणि तो सुटताना बसणाऱ्या ओढीने भाग वाकतो किंवा प्लेटवरून निखळतो. तीसेक ते पंचेचाळीस अंश तिरका ठेवा. सपोर्ट, म्हणजे भागाला धरून ठेवणारे छापलेले बारीक टेकू, नेहमी त्या बाजूला घ्या जी नंतर दिसणार नाही किंवा जी घासायला सोपी आहे. सपोर्टचे ठिपके बारीक नक्षीवर आले तर ते घासताना नक्षीही जाते. आमच्या पिस्तुलात सपोर्ट मुठीच्या आतल्या तोंडाला आणि नळीच्या मागच्या टोकाला जातील, नळीवरच्या खाचांना लागणार नाहीत.

रेझिन वाचवायला मोठे भाग पोकळ करायची पद्धत आहे. भिंत दोन-तीन मिलिमीटर आणि रेझिन वाहून जायला निदान दोन भोकं ठेवावी लागतात. भोकं नसतील तर आत रेझिन अडकतं, आणि प्रत्येक थराला भाग फिल्मला चोखून धरतो. पण मास्टरसाठी माझं मत स्पष्ट आहे: लहान भाग भरीवच छापा. पोकळीत अडकलेलं कच्चं रेझिन आठवड्यांनी एखाद्या चिरेतून झिरपतं आणि वरचा प्रायमर, सिलिकॉन सगळं बिघडवतं. शिवाय पोकळ मास्टर पुढे दाबाच्या टाकीत ठेवायची वेळ आली तर तो आत चेपू शकतो. मोठा भाग पोकळ करावाच लागला, तर तो आतूनही धुवा, आतपर्यंत प्रकाश पोचवा, आणि मग भोकं पक्की बुजवा.

प्रिंट निघाल्यावर अल्कोहोलच्या दोन भांड्यांत धुवा. पहिल्या भांड्यात बहुतेक रेझिन निघतं, दुसरं स्वच्छ ठेवायचं. दोन्हींत मिळून काही मिनिटं पुरे. तासभर बुडवून ठेवलं तर प्रिंट अल्कोहोल पितो, फुगतो, मऊ पडतो. सपोर्ट याच वेळी, कडक करण्याआधी काढले तर खड्डे कमी पडतात. मग भाग पूर्ण सुकू द्या. पृष्ठभाग ओला चकाकतोय तोवर तो प्रकाशाखाली ठेवायचा नाही, नाहीतर पांढरट, चिकट डाग राहतात. सुकल्यावर 405 नॅनोमीटरच्या दिव्याखाली सगळ्या बाजूंनी फिरवत पाच-दहा मिनिटं.

प्रिंट फसला आणि तुकडा फिल्मला चिकटून राहिला, तर पत्र्याच्या पट्टीने खरवडू नका. फिल्मला बारीक भोक पडलं तर रेझिन थेट एलसीडीवर उतरतं. बहुतेक प्रिंटरमध्ये टाकी साफ करायची सोय असते: सगळा पडदा उजळून एक पातळ पापुद्रा बनतो, तो तुकड्यासकट प्लास्टिकच्या पट्टीने उचलता येतो. उरलेलं रेझिन गाळणीतून गाळूनच बाटलीत परत घ्या.

मास्टर घासणं

इथे घाई करायची नाही.

सपोर्टचे ठिपके आधी धारदार पात्याने छाटा, मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरने सपाट करा. पेपर बोटाखाली धरून सपाट भाग घासला तर बोटाच्या आकाराचे खळगे पडतात, म्हणून पेपर लाकडाच्या किंवा कडक रबराच्या ठोकळ्यावर गुंडाळा. खाचांसाठी पेपरची पट्टी बारीक काडीवर चिकटवा. पुढे 320, 400, 600. चारशेपासून पाण्याचा पेपर वापरा आणि ओलं घासा. रेझिनची धूळ फुप्फुसांत जाता कामा नये, ओल्यात ती उडत नाही. कोरडं घासायचंच असेल तेव्हा धुळीचा चांगला मास्क लावा.

मग राखाडी फिलर प्रायमर, पातळ थरात. तो सुकला की त्यावर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ, धुरकट फवारा मारा आणि चारशेच्या पेपरने ठोकळ्यावर घासा. उंच भागांवरचा काळा रंग लगेच निघतो, खळग्यांतला तसाच राहतो. जिथे काळं उरलंय तिथे खड्डा आहे. डोळ्यांना एरवी दिसलाच नसता असा प्रत्येक थर-रेषेचा माग या युक्तीने उघडा पडतो. खड्ड्यात लांबी (पुटी) भरा, सुकू द्या, घासा, पुन्हा प्रायमर, पुन्हा काळा फवारा. काळा रंग सगळीकडून सारखा निघेपर्यंत ही फेरी चालू ठेवायची.

शेवटी अंधाऱ्या खोलीत टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून मास्टर फिरवून बघा. सरळ प्रकाशात गुळगुळीत वाटणाऱ्या नळीवर अशा तिरक्या उजेडात लाटा दिसतात. चकचकीत क्रोमसारखा रंग द्यायचा विचार असेल तर पेपर 1500 ते 2000 नंबरपर्यंत न्या, कारण चकाकीत प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. खडबडीत, वापरलेल्या लष्करी सामानासारखा रंग हवा असेल तर 600 पुरतो.

सिलिकॉन: कथिलाचं की प्लॅटिनमचं

साच्याचं सिलिकॉन दोन प्रकारचं मिळतं. एक कथिलाच्या उत्प्रेरकाने घट्ट होतं, दुसरं प्लॅटिनमच्या. प्लॅटिनमचं सिलिकॉन आकसत जवळजवळ नाही आणि त्याचा साचा वर्षानुवर्षं टिकतो. कथिलाचं थोडं आकसतं, काही वर्षांत आपोआप खराब होतं. एवढं वाचून नवखा माणूस प्लॅटिनमचं घेतो, प्रिंटवर ओततो आणि दुसऱ्या दिवशी साचा उघडतो. बाहेरून सिलिकॉन छान घट्ट, आणि मास्टरला लागून असलेला थर पिठल्यासारखा चिकट.

प्रकाशाने कडक होणाऱ्या रेझिनमधली काही रसायनं प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाला निकामी करतात, आणि ती वरवर पूर्ण कडक वाटणाऱ्या प्रिंटमधूनही बाहेर येत राहतात. गंधक असलेली चिकणमाती, लॅटेक्सचे हातमोजे, कथिलाच्या सिलिकॉनचा जुना साचा यांच्या संपर्कानेही तेच होतं. कथिलाच्या सिलिकॉनला प्रिंट रेझिनचा असा त्रास सहसा होत नाही. म्हणून पहिला साचा कथिलाच्या सिलिकॉनचाच करा, हा माझा सल्ला. रबराचा कठीणपणा मोजायच्या शोर ए मापावर 20 ते 30 असलेलं घ्या. ते खाचांतून सहज सुटतं आणि आकारही धरून ठेवतं.

प्लॅटिनमचंच हवं असेल, उदाहरणार्थ पारदर्शक भिंग ओतायला, तर मास्टर जास्त वेळ कडक करा, काही दिवस उन्हात आणि उबेत ठेवा, वर ॲक्रिलिक लॅकरचे दोन-तीन पूर्ण थर द्या. आणि त्यानंतरही चाचणी केल्याशिवाय ओतू नका. त्याच रेझिनचा नाण्याएवढा तुकडा मास्टरबरोबरच छापा, त्याला तसंच धुवा, तोच प्रायमर, तेच लॅकर द्या, आणि त्यावर चमचाभर सिलिकॉन ओतून रात्रभर ठेवा. ते स्वच्छ सुटलं तरच पुढे जा.

साचा

कुठलाही भाग हातात घेतला की पहिला प्रश्न, जोडरेषा कुठून जाणार? दोन तुकड्यांच्या साच्यात जिथे तुकडे मिळतात तिथे ओतलेल्या नगावर बारीक शिवण येते. ती कडांवरून, पट्टीच्या खाचेतून, नाहीतर जिथे घासायला पेपर सहज पोचतो अशा ठिकाणाहून न्या. गोल नळीच्या मधोमध नक्षीवरून गेलेली शिवण प्रत्येक नगावर घासावी लागते. बटणांसारखे एका बाजूने सपाट भाग एकाच तुकड्याच्या उघड्या साच्यात होतात. तिथूनच सुरुवात करा, हात बसेल.

मुठीसाठी दोन तुकडे. गंधकविरहित चिकणमातीची गादी करा आणि मास्टर तिच्यात जोडरेषेपर्यंत बुडवा. माती आणि मास्टर मिळतात ती कड अगदी काटकोनात आणि स्वच्छ हवी. लाकडी कोरणीने ती पुन्हा पुन्हा सारखी करा, कारण इथली प्रत्येक फट म्हणजे पुढे शिवणीवरचा पापुद्रा. मातीत गोल खळगे पाडा. त्यांच्यात सिलिकॉन जाऊन खुंट्या होतील, आणि दुसऱ्या तुकड्यात त्यांच्या खोबणी, म्हणजे साचा दर वेळी नेमका जुळेल. भोवती प्लास्टिकच्या पट्ट्यांची पेटी उभारा, मास्टरपासून सगळीकडे दीड-दोन सेंटीमीटर अंतर ठेवून. सांधे गरम गोंदाने बंद करा. सिलिकॉन केसाएवढ्या फटीतूनही निसटतं.

सिलिकॉन किती लागेल? पेटी आतून 14 सेंटीमीटर लांब, 8 रुंद आणि मातीवर 3 सेंटीमीटर उंच असेल तर 336 मिलिलिटर, त्यातून मास्टरचा वर आलेला भाग वजा करा. सिलिकॉन पाण्यापेक्षा थोडं जड असतं, म्हणून ग्रॅममध्ये मोजताना दहा-पंधरा टक्के जास्त धरा. मध्येच कमी पडण्यापेक्षा थोडं उरलेलं बरं. उरलेल्यातून बटणाचा साचा होतो.

उत्प्रेरक डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, वजनकाट्यावर मोजून. शंभराला दहा लिहिलं असेल तर दहाच, लवकर घट्ट व्हावं म्हणून बारा नाही. हळू ढवळा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडून घ्या, मग दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून पुन्हा ढवळा. पहिल्या भांड्याच्या कडेला न मिसळलेला थर राहतो, तो साच्यात जाऊ नये म्हणून. आधी ब्रशने मास्टरवर पातळ थर द्या, खाचांत नीट जिरवा. मग पेटीच्या एका कोपऱ्यात, उंचावरून, दोऱ्याएवढ्या बारीक धारेने ओता. धार बारीक झाली की बुडबुडे वाटेतच फुटतात. पातळी आपोआप चढून मास्टरवरून जाऊ द्या, थेट मास्टरवर ओतू नका.

घट्ट झाल्यावर पेटी उलटी करा, माती काढा, पण मास्टर पहिल्या तुकड्यातून अजिबात हलवू नका. उघड्या सिलिकॉनवर सोडवणीचं द्रव्य नीट लावा, खुंट्यांवरसुद्धा. सिलिकॉनला सहसा काही चिकटत नाही, पण सिलिकॉन सिलिकॉनला असं चिकटतं की साचा एकसंध ठोकळा होऊन बसतो आणि सुरीनेच कापावा लागतो. ओतायचं तोंड आणि हवा बाहेर जायच्या वाटा याच वेळी, दुसरा तुकडा ओतण्याआधी, मातीच्या कांड्या लावून करा, किंवा नंतर धारदार पात्याने कापा. हवेची वाट प्रत्येक उंचवट्याच्या टोकाला हवी. साचा उभा धरल्यावर हवा कुठे अडकेल ते बोटाने माग काढत बघा. आमच्या मुठीत ती घोड्याच्या (ट्रिगरच्या) कड्याच्या वरच्या वळणाशी अडकते, म्हणून तिथे एक वाट स्वतंत्र.

शिरस्त्राणासारख्या मोठ्या वस्तूला असा ठोकळा साचा परवडत नाही. तिथे सिलिकॉनचं पातळ कातडं आणि त्याला बाहेरून धरणारं प्लास्टर किंवा फायबरग्लासचं कवच करतात, आणि आत थोडं थोडं रेझिन फिरवत पोकळ नग काढतात. ते दुसऱ्या वर्षीचं काम.

ओतकाम

पॉलियुरेथेन रेझिन दोन बाटल्यांत येतं. मिसळल्यापासून ते दाट होईपर्यंतचा वेळ प्रकाराप्रमाणे दोन-तीन मिनिटांपासून सात-आठ मिनिटांपर्यंत असतो. नवख्याने जास्त वेळ देणारं घ्यावं. एका बाटलीत आयसोसायनेट असतं, ते श्वसनमार्गाला फार वाईट. मास्क, मोजे आणि मोकळी हवा इथेही तितकीच हवी. त्याला ओलावाही चालत नाही. दमट दिवशी, ओल्या भांड्यात किंवा लाकडी काडीने ढवळल्यावर फेस येतो. प्लास्टिकची भांडी आणि प्लास्टिकची काडी वापरा. त्यातलं कडक झालेलं रेझिन नंतर टिचकीने निघतं. बाटली वापरली की लगेच घट्ट बंद करा.

साच्यात आधी टाल्कम पावडर ब्रशने फिरवा आणि जास्तीची झटकून टाका. रेझिन पावडरीवरून खाचांत सहज उतरतं. दोन्ही तुकडे जुळवा, बाहेरून दोन सपाट फळ्या लावा आणि रबर बँडने बांधा. बँड साचा मिटण्यापुरतेच घट्ट. जास्त ताणले तर मूठ चपटी निघते.

रंग आधी मिसळायचा. पिस्तूल काळं असेल तर काळा रंगद्रव्य एका बाटलीच्या भागात थेंबांनी मिसळा. मग कधी टवका उडाला तरी आतून काळंच दिसेल. दोन्ही भाग मोजा, मिसळा, दुसऱ्या भांड्यात घेऊन पुन्हा ढवळा, बारीक धारेने ओता. साचा तिरका करा, टिचक्या मारा, हवेच्या वाटेतून रेझिन वर आलं की उभा ठेवा. रेझिन घट्ट होताना गरम होतं. जाड भाग हाताला चटका देण्याइतका तापतो. तो पूर्ण निवण्याआधी काढला तर वाकतो. लागोपाठ नग काढताना साच्यालाही मध्ये निवू द्या, साच्याचं आयुष्य वाढतं.

बुडबुडे पूर्ण घालवायचे असतील तर दाबाची टाकी लागते. साधारण 40 पीएसआय दाबाखाली रेझिन घट्ट झालं की बुडबुडे इतके आकसतात की दिसतच नाहीत. पारदर्शक भिंगाला याशिवाय पर्याय नाही म्हटलं तरी चालेल. टाकी त्याहून जास्त दाबासाठी प्रमाणित केलेली आणि सुरक्षा-झडप असलेलीच हवी. स्वयंपाकाचा कुकर किंवा जुगाड केलेलं भांडं कॉम्प्रेसरला जोडू नका, ते फुटतं आणि माणसं जखमी होतात. दाबाखाली ओतायचं असेल तर त्या साच्याचं सिलिकॉनही तेवढ्याच दाबाखाली घट्ट झालेलं असावं. नाहीतर सिलिकॉनमधले बुडबुडे दाबाने चेपतात आणि नगावर पुटकुळ्या येतात.

धातूचा भास हवा असेल तर एक सुंदर पद्धत आहे. साच्यात टाल्कमऐवजी ॲल्युमिनियमची बारीक पूड फिरवा आणि थोडी पूड रेझिनमध्येही मिसळा. निघालेला नग निस्तेज राखाडी दिसतो. त्यावर सगळ्यात बारीक, चार शून्य नंबरची स्टील वूल फिरवली की पृष्ठभागावरची पूड उघडी पडते आणि खरंच ॲल्युमिनियम चमकायला लागतं. रंगाने ही चमक येत नाही. ही पूड हवेत उडाली तर पेट घेऊ शकते. ज्योतीपासून लांब आणि मास्क लावूनच हाताळा.

जोडणी आणि दिवा

नग आधी भांडी घासायच्या साबणाने आणि ब्रशने कोमट पाण्यात धुवा. सोडवणीच्या द्रव्याचा अंश राहिला तर रंग सोलून निघतो. शिवणीचा पापुद्रा पात्याने छाटा, रेषा 320 आणि 600 ने घासा. नळी किंचित वाकली असेल तर गरम पाण्यात काही मिनिटं ठेवा, मऊ झाली की सरळ करून थंड पाण्यात धरा.

नुसत्या गोंदावर भिस्त ठेवू नका. नळी आणि मूठ यांच्यात दोन मिलिमीटरची पितळी सळई भोकं पाडून बसवा आणि वर इपॉक्सी लावा. वस्तू पडते तेव्हा सगळा धक्का या सांध्यावर येतो.

दिवा रंगाआधी बसवून बघा. 9 व्होल्टच्या बॅटरीवर 2 व्होल्टचा लाल एलईडी लावायचा तर उरलेले 7 व्होल्ट रोधकाने घ्यायचे. 20 मिलिअँपिअरला हिशेब 350 ओहम येतो, म्हणून त्याच्या पुढचा, सहज मिळणारा 390 ओहमचा, पाव वॉटचा रोधक लावा. पातळ भिंतीतून दिवा गुलाबी झिरपताना दिसला की सगळी मजा जाते, म्हणून पोकळी आतून आधी काळी आणि त्यावर चंदेरी रंगवा. काळा थर प्रकाश अडवतो, चंदेरी तो पुढे भिंगाकडे पाठवतो. बॅटरी बदलायचं झाकण स्क्रूचं किंवा चुंबकाचं ठेवा, आणि चुंबक चिकटवण्याआधी त्याची बाजू खुणेने नोंदवा.

रंग

प्रायमर, मग चकचकीत काळा, त्यावर धातूचा रंग. काळ्या पायावर चंदेरी रंगाला खोली येते. टवके उडालेला रंग दाखवायचा असेल तर धातूच्या थरावर हेअरस्प्रे, त्यावर ॲक्रिलिक रंग, आणि तो सुकल्यावर ओल्या ब्रशने टोचत रंग उडवायचा. खालचं धातू अनियमितपणे उघडं पडतं.

झीज कुठे दाखवायची हे वस्तू हातात धरून ठरवा. मुठीवर अंगठा टेकतो तिथे रंग हळूहळू घासून जातो, त्यामुळे त्या जागी टवके काढू नका, बोटाने ग्रॅफाइटची पूड चोळा. नळीच्या तोंडाची कड म्यानात जाता-येता घासते, तिथे कोरड्या ब्रशने चंदेरी. बटणांच्या भोवती मळ साचतो, तिथे पातळ केलेला काळपट तपकिरी रंग सोडून वरचा पुसून घ्या. सगळीकडे सारखी झीज केली की वस्तू वापरलेली न वाटता रंगवलेली वाटते. शेवटी मॅट लॅकर, आणि भिंग लॅकरनंतरच बसवा.

बंदुकीसारखी दिसणारी वस्तू बाहेर नेताना पिशवीत झाकून न्या. काही देशांत अशा प्रतिकृतीच्या नळीच्या टोकाला नारिंगी रंग सक्तीचा असतो, तो नियम आधी बघून घ्या.

काम झाल्यावर साचा धुवून, सुकवून, दोन्ही तुकडे जुळवून सपाट जागी उन्हापासून लांब ठेवा. आत एक ओतलेला नग तसाच राहू द्या, म्हणजे साचा आपल्याच वजनाने बसत नाही. बाहेर सिलिकॉनचा प्रकार आणि तारीख लिहा. मास्टर वेगळ्या डब्यात जपा. कथिलाचा साचा पुढेमागे जाणारच, तेव्हा दुसरा काढायला मास्टर शाबूत हवा.